फोनच्या पडद्याने डोकं दुखतं? मग एलसीडी पडदा घ्यावा की ओएलईडी?
ओएलईडीचा काळा रंग खरा काळा, चित्र झकास. पण ब्राइटनेस उतरवला की यातले बरेच पडदे सेकंदाला २४० किंवा ४८० वेळा उघडझाप करतात. नजरेला कळत नाही, काहींचं कपाळ मात्र ठणकतं. विशेषतः रात्री अंथरुणात, ब्राइटनेस तळाला असताना. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवून बघा, काळे पट्टे दिसतील.

एलसीडीत मागचा दिवा बहुधा सलग जळतो किंवा फार वेगाने लुकलुकतो (सगळेच निर्दोष नसतात म्हणा). रंग जरा फिके, इतकंच. त्रास होणाऱ्याने माझ्या मते हाच घ्यावा. ओएलईडीच हवा असेल तर ३८४० हर्ट्झ डिमिंगवाला (म्हणजे ब्राइटनेस उतरवल्यावर सेकंदाला ३८४० वेळा लुकलुकणारा) शोधा, आणि दुकानातच ब्राइटनेस उतरवून थोडा वेळ वाचून बघा.