४०एक्स लिहिलेलं भिंग घेऊ नका, साधं १०एक्स घ्या (वर्षभर टेकडीवर वापरून सांगतेय)

रेटिंग आधीच देऊन टाकते, पहिल्या भिंगाला १, दुसऱ्याला साडेचार.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचं आणि बाहेरून येऊन माजलेल्या वनस्पती, त्यांच्यावरचे किडे, अमरवेल, बांडगूळ असलं जे दिसेल ते वहीत तारखेनिशी लिहायचं. शास्त्रज्ञ कोणीच नाही, एक बँकेतून रिटायर झालेले काका, दोन कॉलेजची पोरं, मी अकाउंट्सवाली. मोबाईलवर फोटो काढून भागेल असं वाटलं होतं पण पानाच्या मागची अंडी मोबाईलमध्ये नुसता पिवळा ठिपका येतात, म्हणून भिंग.

पहिलं ऑनलाइन घेतलं, १९९ रुपये, वर ठसठशीत '४०एक्स' (म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारं) कोरलेलं आणि शेजारी छोटासा एलईडी. आलं, उघडलं, पेपरवर धरलं तर मधली चार अक्षरं नीट आणि कडेची सगळी केळ्यासारखी वाकलेली, वर निळी-पिवळी किनार. काकांनी पट्टी मागवली. म्हणाले ट्यूबलाईटखाली धर, खाली कागदावर ट्यूबची बारीक रेघ स्पष्ट उमटेपर्यंत वरखाली कर आणि मग भिंग ते कागद अंतर मोज. भरलं ४ सेंटीमीटर. आता २५० मिलिमीटरला (नुसत्या डोळ्याने नीट दिसायला धरतात ते अंतर) त्या अंतराने भागायचं की किती पट ते निघतं, ४० मिलिमीटर म्हणजे सव्वासहा पट. म्हणजे विकलं चाळीस आणि आहे सहा! खरं ४०एक्स असतं तर अंतर जेमतेम ६ मिलिमीटर आलं असतं, आणि मग किडा पापणीलाच चिकटवायला लागला असता. विकणाऱ्याला हे सगळं लिहून पाठवलं तर उत्तर आलं 'डियर कस्टमर, एलईडी चालू करून बघा'. रिटर्नची मुदत तोवर गेली होती.

दुसरं मात्र रविवार पेठेत सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथल्या एका दुकानातून, १०एक्स ट्रिपलेट, ११५० रुपये. ट्रिपलेट म्हणजे आत तीन काचा चिकटवलेल्या असतात, त्याने ती रंगीत किनार जाते आणि कडेपर्यंत सरळ दिसतं. दुकानदाराने विचारलं काय बघायचंय, हिरे का? म्हटलं किडे. माणूस हसला, पण तीन भिंगं काढून समोर ठेवली आणि माझ्याच अंगठीचा हॉलमार्क तिन्हीतून बघायला लावला. असं बघूनच घ्या, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

आता वापराचं. भिंग पानाजवळ नाही धरायचं, सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखं तर अजिबात नाही, डोळ्याला टेकवायचं आणि पान जवळ आणायचं, दोन-अडीच सेंटीमीटरवर एकदम लख्ख होतं. दुसरा डोळा उघडा ठेवा, मिटला की पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं.

आणि इथेच मी माती खाल्ली. गाजरगवताचं फुलांनी भरलेलं झाड तसंच उपटून नाकाशी आणलं, मग दोन दिवस शिंका आणि मानेवर पुरळ. हे गवत १९५५च्या सुमाराला पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं आणि मग देशभर झालं, तेव्हा आपल्याला त्याची सवय असायला हवी होती खरं तर. ग्लोव्हज घाला, फुलं यायच्या आधीचं कोवळं झाड घ्या, नाहीतर किडाच डबीत घालून बघा.

पण जे दिसलं ते शिंकांच्या वसूल होतं. मेक्सिकन भुंगेरा, जेमतेम ६ मिलिमीटरचा, सायीच्या रंगाच्या पाठीवर उभ्या नागमोडी तपकिरी रेघा. हा मुद्दाम आणलेला आहे, १९८३ला मेक्सिकोहून, आणि १९८४ला बंगळुरूला सोडला, गाजरगवत खायला म्हणून. नव्वदीच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर सापडला तेव्हा बराच गोंधळ झाला होता. आम्हाला जुलैत पानाखाली अंडी मिळाली, लांबोडकी, आणि शेजारीच एक अळी पानाची कड कुरतडत होती, तिचं डोकं खालीवर होताना १०एक्समधून चक्क दिसतं. उन्हाळ्यात भिंग घेऊन भुंगेरे शोधायला जाऊ नका, ते मातीत गाडून घेऊन पावसाची वाट बघत असतात. आम्ही एप्रिलमध्ये तीन रविवार फुकट घालवले.

सगळ्यात भारी म्हणाल तर फड्या निवडुंग. सासवडच्या बाजूला एका बांधावर निवडुंगावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, मी बुरशी लिहून मोकळी झाले होते. भिंगातून बघितलं तर मेणाच्या धाग्यांत गुंडाळलेले गोल गोल किडे, टाचणीने टोचला तर लालभडक रस, माझा अंगठा दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्येही गुलाबी. निवडुंग अमेरिकेतला आणि किडाही तिकडचाच. १७९५ला ब्राझीलहून लाल रंग काढायला म्हणून किडा मागवला, आला भलत्याच जातीचा, रंगाचं काही जमलं नाही पण त्याने एका जातीचा निवडुंग उत्तरेत साफ करत आणला. फड्या त्याला दाद देईना, म्हणून १९२६ला श्रीलंकेतून किड्याची दुसरी जात आणली. आजी सांगायची की पूर्वी गावाभोवती निवडुंगाची रानंच्या रानं होती, मला ती थाप वाटायची.

अमरवेलीला पण दहा मिनिटं द्या, ही आपलीच आहे, बाहेरची नाही. घाणेरीच्या (टणटणी, ही मात्र बाहेरून येऊन माजलेली) फांदीला वेढा घातलेला तुकडा सोडवून आतल्या बाजूने बघा, करवतीच्या दात्यांसारखे फुगवटे ओळीने, तिथूनच आत घुसून रस ओढते. ग्रुपमध्ये यावर भांडण झालं, एक पोरगा म्हणे घाणेरी मरत असेल तर अमरवेल पसरवू या की, काका म्हणाले ती बोरीवर चढली की मग तूच काढ.

कुठे कमी पडतं? सोसायटीच्या पपईवर पिठ्या ढेकूण (पांढरे, पीठ लावल्यासारखे, झाडाचा रस ओढणारे किडे) आले होते. तो २००८ला कोइमतूरला सापडलेला, मूळ मेक्सिकोकडचा, आणि २०१०ला त्याच्यासाठी पोर्तो रिकोहून एक मिलिमीटरपेक्षा लहान परजीवी गांधीलमाशी आणली, ती ढेकणाच्या आत अंडं घालते. आम्हाला सुकून फुगलेले ढेकूण दिसले, प्रत्येकाला एक गोल नीटनेटकं भोक, म्हणजे आतून काहीतरी पोखरून उडून गेलेलं. पण तीच माशी की आपल्याकडची दुसरी कुठली, ते या भिंगाने कळत नाही, त्याला मायक्रोस्कोप लागतो. जळू बघायला पण उपयोग शून्य, ती हलायची थांबतच नाही, आणि ती थांबली की आपल्याला थांबवत नाही.

अर्धा मार्क कापला तो पावसासाठी. श्वासाने काच धुरकट होते, नाकातोंडावर मफलर बांधून बघितलं तरी होते. स्क्रू ऑगस्टमध्ये गंजला, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडल्यावर फिरायला लागला. ओलं भिंग केसमध्ये बंद करू नका, आत बुरशी धरते म्हणे, मी रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवते. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उघडं टाकू नका, सीटकव्हरला माझ्याकडे छान गोल भोक आहे.

सोबत काळी दोरी येते ती काढून भगवी किंवा पोपटी नाडी बांधा. माझं गिरीपुष्पाच्या झाडाखालच्या पाचोळ्यात पडलं होतं, सहा जणांनी पाऊण तास शोधलं, त्या रविवारी वहीत फक्त तेवढीच नोंद आहे.