दिवसाआड फेऱ्या की पंधरवड्यातून एकदा?

द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी वारेचीच द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) काढल्यावरही बीटा-एचसीजी, म्हणजे रक्तातलं गर्भारपणाचं संप्रेरक, उतरेना, म्हणून वहिनींना वारेच्या पेशींचा कर्करोग असल्याचं कळलं. घरात रडारड झाली. पण डॉक्टर आजाराची जोखीम मोजून देतात ते गुण ६ किंवा कमी असतील तर बहुधा एकच औषध पुरतं आणि जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात. प्रश्न उरतो तो औषध कोणतं याचा: मेथोट्रेक्सेट की अ‍ॅक्टिनोमायसिन-डी?

मेथोट्रेक्सेट जुनं. १९५६ साली अमेरिकेत याच औषधानं हा कर्करोग बरा होऊ लागला. प्रचलित पद्धतीत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी स्नायूत इंजेक्शन, मधल्या दिवशी त्याचा त्रास कमी करणारं फोलिनिक अ‍ॅसिड, आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. केस सहसा टिकतात. तोंड मात्र असं येतं की तांबडा रस्सा सोडाच, साधा दहीभातही झोंबतो. गडहिंग्लजहून कोल्हापूरला दिवसाआड एसटीनं येणं अशा अवस्थेत फार कठीण. गावातले डॉक्टर इंजेक्शन देतील का, हे आधीच विचारा.

अ‍ॅक्टिनोमायसिन-डी शिरेतून, पंधरवड्यातून एकदा. फेऱ्या वाचतात. मळमळ आणि केस गळणं जास्त, शिवाय औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी जळते. हात सराईतच हवा.

लांबून येणाऱ्या बाईसाठी मला दुसरं सोयीचं वाटतं. एकाचा गुण आला नाही तर दुसरं देता येतंच. निर्णय अर्थात कर्करोगतज्ज्ञांचा, मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या बघून.

बीटा-एचसीजीची तपासणी दोन्हींत चुकत नाही, आणि उपचारानंतर साधारण वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत. हे सासूबाईंनाही समोर बसवून सांगा.