सीकेएलए: अमेरिकेतल्या शाळेचा वाचन-अभ्यासक्रम आणि मराठी घर

अमेरिकेत मूल किंडरगार्टनमध्ये गेलं की बऱ्याच शाळांत पहिल्याच पालकसभेत 'सीकेएलए' कानावर पडतं. म्हणजे कोअर नॉलेज लँग्वेज आर्ट्स. शिक्षणतज्ज्ञ ई. डी. हर्श यांनी १९८६ साली काढलेल्या कोअर नॉलेज फाउंडेशनचा हा अभ्यासक्रम. शाळांना तो ॲम्प्लिफाय ही कंपनी पुरवते. जुनी आवृत्ती फाउंडेशनच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येते.

किंडरगार्टन ते दुसरीपर्यंत याचे दोन भाग आहेत, रोज साधारण तासतासाचे. 'स्किल्स'मध्ये अक्षरं, आवाज, स्पेलिंग, हस्ताक्षर. 'नॉलेज'मध्ये शिक्षक मोठ्याने वाचतात, मुलं ऐकतात, प्रश्न विचारतात. तिसरीपासून दोन्ही एकत्र होतात. अक्षरं जुळवून शब्द वाचता येणं आणि ऐकलेलं समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचन, ही गॉफ आणि टन्मर या संशोधकांची १९८६ची मांडणी या रचनेमागे आहे. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही.

स्किल्सचा भाग आम्हाला फार आवडला. इंग्रजीचे ४४ आवाज आणि ते लिहिण्याच्या दीडशे रीती ठरावीक क्रमाने येतात. पहिले काही आठवडे अक्षरं दिसतच नाहीत, नुसते आवाज ऐकायचे आणि जोडायचे. मग म्, ॲ, ट्, ड्, ऑ, क्, ग्, इ एवढे आठ. 'एम', 'टी' ही नावं बरीच नंतर येतात, आणि घरोघरी गाडी अडते ती इथेच. आजी-आजोबा हौसेने एबीसीडी पाठ करून घेतात. मग मूल 'सी-ए-टी' म्हणतं आणि त्यातून 'कॅट' काही निघत नाही.

दुसरी अडचण खास आपली. देवनागरीतल्या अक्षरात 'अ' मुरलेला असतो, म्हणून आपण सहज 'क-ॲ-ट' म्हणतो. मुलाच्या कानात मधे जादा 'अ' शिरतो आणि शब्द जुळत नाही. आवाज पाय मोडून म्हणा: क्, ॲ, ट्. म्, स्, फ् लांबवता येतात, सुरुवात त्यांनी करावी. फ् म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, नाहीतर फळातला फ होतो. 'शिप' आणि 'शीप' आपण बोलताना सारखेच म्हणतो; तो फरक शिक्षकांवर सोडलेला बरा.

घरी पाच मिनिटांत होणारा सराव सांगतो. सात चौकोनी चिठ्ठ्यांवर लहान लिपीतली अक्षरं (m, a, t, c, o, d, g) लिहा आणि दर वेळी एकच चिठ्ठी बदला: मॅट, कॅट, कॉट, डॉट, डॉग. 'कॉट'ला मूल 'कॅट' म्हणालं तर उत्तर देऊ नका, मधल्या चिठ्ठीवर बोट ठेवा. 'द', 'वॉज', 'सेड' हे शब्द इथे 'ट्रिकी वर्ड्स' म्हणून वेगळे शिकवतात, कारण ते नेहमीच्या नियमाने सुटत नाहीत. पण त्यांतलाही नियमात बसणारा भाग आधी वाचून घ्यायचा असतो.

वाचनाच्या छोट्या पुस्तकांत फक्त शिकवून झालेलीच स्पेलिंगं असतात. त्यामुळे गोष्टी अंमळ बेचव आहेत, हे खरंच. तरी त्याच वयासाठी चित्र बघून अंदाजाने वाचायची पुस्तकं वाचनालयातून आणून मुलाच्या हाती देऊ नका. पहिलं अक्षर बघून ठोकून द्यायची सवय लागते आणि ती जाता जात नाही. ती पुस्तकं तुम्ही वाचून दाखवा.

नॉलेजचा भाग श्रीमंत आहे, पण जड. पहिलीत मानवी शरीर, मेसोपोटेमिया-इजिप्त, खगोलशास्त्र. दुसरीत अमेरिका-ब्रिटनमधलं १८१२चं युद्ध. वाचन लांबलं की निम्मा वर्ग चुळबुळतो. अमेरिकी इतिहासाचं प्रमाण आमच्या मते जास्तच, आणि लेखनाला जागा कमी. इथे मात्र मराठी घराला मोठी सोय आहे: या विषयांवर घरी बेलाशक मराठीतच बोला. पचनसंस्था मराठीत कळलेल्या मुलाला वर्गात फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. दुसरीत प्राचीन आशियाच्या घटकात सिंधू, गंगा, हिंदू आणि बौद्ध धर्म, दिवाळी येते. किल्ला आणि अभ्यंगस्नान वर्गात घरूनच जायला हवं.

फुकटची आवृत्ती उतरवणार असाल तर शिक्षकांची जाडजूड मार्गदर्शिका छापू नका. सरावपुस्तिका आणि गोष्टींचं पुस्तक पुरे. त्याआधी शाळेला दोन गोष्टी विचारा: वर्गात कोणती आवृत्ती आहे, आणि सध्या स्किल्सचा कितवा घटक चालू आहे. नव्या आवृत्तीत फेरफार आहेत. घरी पुढचा घटक चालू झाला तर न शिकवलेली स्पेलिंगं मुलासमोर येतात आणि मूल पुन्हा अंदाजावर जातं.