वर्षभर बाल्कनीत सुतारकाम: कोणती हत्यारं टिकली, हात किती बसला

आधी निकाल सांगतो. वर्षापूर्वी हौसेने घेतलेल्या हत्यारांपैकी आज सतत हातात असतात ती रंधा (लाकूड तासून सपाट करायचं हत्यार), दोन पटाश्या (सुताराच्या छिन्न्या), गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि ओढून कापायची जपानी करवत. जिगसॉ (खालीवर हलणाऱ्या पात्याची विजेची करवत) कपाटात पडून आहे. फ्लॅटमध्ये त्याचा आवाज शेजारी सहन करत नाहीत, आणि जाड लाकडात पातं वाकून काप तिरका जातो तो वेगळाच.

रंधा चार नंबरचा, लोखंडी, दोन इंची पात्याचा. स्वस्तातला घेणार असाल तर तो खोक्यातून काढला की लगेच चालेल ही अपेक्षा सोडा. माझ्याचा तळ मधोमध खोलगट होता आणि पात्याने पेन्सिलही तासली गेली नसती. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने रेघोट्या मारल्या आणि त्या सगळीकडून सारख्या पुसल्या जाईपर्यंत घासत बसलो. मग १२०, मग २२०. पात्याला २५ अंशांचा उतार, अगदी टोकाला ३०. आता सागावर फिरवला की पलीकडचं दिसेल इतकी पातळ, सलग ढलपी निघते.

खरं तर वर्षभरात शिकलो ते धार लावायला. बाकीचं काम त्यामागून सुधारत गेलं. सागात सिलिका असते, त्यामुळे पाईनवर टिकते तेवढी धार सागावर टिकत नाही. पहिला मोठा खर्च १००० आणि ६००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दाणा बारीक) पाणदगडावर, म्हणजे पाणी लावून धार करायच्या दगडावर करा, मशिनवर नको. पाडकामातला जुना साग आणलात तर आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा पात्याला खाच पाडतो.

मोबाईल स्टँड, मसाल्याचा डबा वगैरे झालं. समाधान दिलं ते पाटाने. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं. दहा-अकरा इंची पाट उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत दोनेक मिलिमीटर सहज रुंदावतो. खालच्या आडव्या पट्ट्या फेव्हिकॉलने पक्क्या चिकटवल्या तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती तडकते. म्हणून स्क्रू मारले आणि पट्टीतली कडेची भोकं लांबट ठेवली. श्रावणात स्क्रू त्या भोकांत सरकलेले दिसले, फळी शाबूत!

पॉलिशला चपडा (लाख) दिसायला सुरेख, पण गरम भांडं टेकलं की पांढरा डाग पडतो. पाटाला उकळलेलं जवसाचं तेल लावलं. तेलाने भिजलेले बोळे मात्र चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सुकताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उलगडून दोरीवर वाळत घाला, कडक झाल्यावरच फेका.