जुन्या गाडीच्या मीटरमध्ये एलईडी: उजेड छान, पण चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नका

जुन्या गाडीत रात्री वेगाचा काटा शोधावा लागतो, त्यावर १२ व्होल्टचे एलईडी बल्ब हा चांगला उपाय आहे. मूळचा २.२ वॉटचा फिलामेंट बल्ब सुमारे १८० मिलिअँपिअर ओढतो आणि तापतो. एलईडीचं काम ३०-४० मिलिअँपिअरमध्ये भागतं. मात्र आधी जुना बल्ब काढून तळ बघा: स्क्रूचा ई१०, पिनांचा बीए९एस की टोपी नसलेला टी१०. गाडी ६ व्होल्टची असेल तर हे बल्ब उपयोगाचे नाहीत.

टोकाला एकच चिप असलेला बल्ब घेऊ नका. बऱ्याच जुन्या मीटरांत बल्ब मागून आत शिरतो आणि उजेड आतल्या पांढऱ्या रंगावर आपटून डायलवर पसरतो. एकमुखी एलईडी समोर झगझगीत ठिपका पाडतो, बाकीचे आकडे अंधारातच. चारही बाजूंना चिपा असलेला बल्ब हवा. त्याची लांबी जुन्या बल्बशी ताडून पाहा, दोन मिलिमीटर जास्त भरला तरी आत टेकू शकतो. मीटरच्या आत हिरवा फिल्टर असेल तर हिरवाच एलईडी सर्वांत उजळ दिसतो. फिल्टर नसेल तर उबदार पांढरा घ्या. थंड पांढऱ्याने जुनं डॅशबोर्ड दवाखान्यासारखं दिसतं!

मीटरचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर मात्र जवळजवळ निकामी होतो. चार फिलामेंट बल्बांच्या वाटेत १० ओहमचा डिमर पाच व्होल्टच्या आसपास खातो. चार एलईडी मिळून जेमतेम १४० मिलिअँपिअर ओढतात, त्यामुळे तोच डिमर दीड व्होल्टही खात नाही. उजेड किंचित उतरतो, इतकंच.

खरी फसगत इशाऱ्याच्या दिव्यांत होते. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीचा करंट चार्जिंगच्या लाल दिव्यातूनच मिळतो. तिथे एलईडी बसवला की करंट अपुरा पडतो आणि इंजिन चालू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही. तिथे फिलामेंटच ठेवा. एलईडीचा हट्टच असेल तर त्याला समांतर ६८ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा आणि वायरांपासून दूर बांधा, तो तापतो. डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून एकच दिवा असेल तर त्यातून करंट दोन्ही दिशांनी जातो, म्हणून साधा एलईडी एकाच बाजूला लागेल. तिथे उलटसुलट कसाही चालणारा एलईडी हवा. पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीतही तोच घ्यावा.

बसवताना आधी बॅटरीची वायर काढा. जुन्या अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) वायरीला अनेकदा फ्यूजच नसतो, पाना टेकला की ठिणगी. स्पीडोमीटरची केबल सोडवून मीटर पुढे ओढा. होल्डर बारीक सँडपेपरने घासा, मीटरच्या ब्रॅकेटपाशी येणारी अर्थची वायरही साफ करा. आतला रंग पिवळा पडला असेल तर पांढरा हात मारा. कित्येकदा एवढ्यानेच नव्या फिलामेंट बल्बचा उजेडही पुरतो, मग एलईडीचा खर्च वाचतो.

टी१० एलईडीचे पाय बारीक असतात आणि होल्डरमध्ये सैल बसतात, म्हणून खड्ड्यात दिवा लुकलुकतो. पाय किंचित बाहेर वाकवून बसवा. मीटर परत आत ढकलण्याआधी दिवे लावून बघा: एखादा लागला नाही तर तो उलटा फिरवून बसवला की बहुधा लागतो.