कोळी ओळखायचा कसा: काचपट्टी की डीएनए?

कोकणातल्या नारळाच्या बागेत कोवळ्या फळाच्या टोपीखाली पांढुरका त्रिकोणी चट्टा दिसतो. पुढे तो तपकिरी होतो, भेगाळतो. हे काम एरिओफिड कोळ्याचं; जाळं विणणारा कोळी नव्हे, ही झाडाचा रस शोषणारी सूक्ष्म कीड, इंग्रजीत ‘माइट’. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, अंग गाजरासारखं निमुळतं, पायांच्या दोनच जोड्या. १९६५ साली कोळ्यांचे अभ्यासक कायफर यांनी मेक्सिकोतल्या गेरेरोच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं, ते काचपट्टीवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेवर, बघूनच.

काचपट्टीची रीत कष्टाची आहे. केसाच्या टोकाने कोळी उचलायचा, होयर द्रावणाच्या (नमुना काचेवर बसवायच्या पारदर्शक द्रावाच्या) थेंबात ठेवायचा, नीट आडवा करायचा. मग पाठीच्या ढालीवरच्या रेषा आणि पायाच्या टोकावरच्या पिसासारख्या नखीचे फाटे मोजायचे. लाल कोळी या दुसऱ्या गटात तर बऱ्याचदा नरच हवा, कारण त्याच्या जननांगाच्या आकारावर जात ठरते. नुसत्या माद्या मिळाल्या की काम अडतं.

तिथे डीएनए उपयोगी पडतो: मादी, पिल्लू, अंडं, काहीही चालतं. नारळाच्या कोळ्याचं मूळ अमेरिकेत असावं, याला बळ मिळालं तेही डीएनएच्याच अभ्यासातून. पण जुळवायला खात्रीचा नमुना नसेल, तर हातात नुसती डीएनएच्या अक्षरांची माळ, म्हणजे क्रम, उरते. शिवाय चुकीच्या नावाने साठवलेला एक क्रम पुढच्या अनेकांना फसवतो.

माझा कौल आधी काचपट्टीला. नवी जात जाहीर करताना मात्र दोन्ही हवंच. अंग न चिरडता डीएनए काढता येतो, आणि उरलेलं कवच त्याच कोळ्याची काचपट्टी म्हणून जपता येतं.