बाजा सी चा, गाणं भलत्याच पट्टीतलं: मोबाइल, कॉम्प्युटर की आणखी बाजे?

हातात दहा छिद्रांचा सी पट्टीचा, म्हणजे पेटीच्या पांढरी एकचा, माऊथ ऑर्गन (आमचा बाजा) आहे, आणि वाजवायचं गाणं काळी एक (सी शार्प), काळी चार (जी शार्प) असं कुठेतरी आहे. यावर वाटा तीनच. हव्या त्या पट्टीचे बाजे घेत जायचे, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये गाणं वरखाली करायचं, नाहीतर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाच्या, आवाजाच्या फाइली सुधारायच्या प्रोग्राममध्ये गाणं एकदाच नीट करून ठेवायचं. तिन्ही करून पाहिलंय. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण तुमच्याकडे काय सामान आहे यावर बरंच ठरतं.

बाजे घेण्याचं आधी उरकतो. मंडळासोबत वाजवायचं असेल तर याला पर्याय नाही. पेटीवाले काका काळी एक धरून बसले की ते काही तुमच्यासाठी पांढरी एकवर उतरणार नाहीत. पण घरच्या रियाजासाठी बारा पट्ट्यांचे बारा बाजे म्हणजे, चांगल्या कंपनीचे घेतले तर, कापसाचा चुकारा आल्याशिवाय विचारच करू नये असं काम. आणि तालुक्याच्या दुकानात सी सोडून दुसरी पट्टी क्वचितच मिळते, निदान मला तरी मिळाली नाही.

आता मोबाइल. अ‍ॅप दोन जातीचे. एक गाणं इंटरनेटवर चढवून पट्टी आपोआप सांगणारे, दुसरे बिनइंटरनेटचे, फक्त वरखाली करून देणारे. पहिल्या जातीला आमच्याकडची रेंज पुरत नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहून गाणं चढवावं लागतं, तेही चढलं तर. पण पट्टी ओळखण्यात ते वाटतात तितके वाया गेलेले नाहीत. काळी एकमधली भैरवी दिली तर अ‍ॅप अनेकदा ‘ए मेजर’ सांगेल. पेटीवाल्याला हे ऐकवलं तर तो हसेल, कारण सा काळी एकवर आहे, ए वर नाही. पण दोन्हींचे सात सूर तेच. अ‍ॅपचं ऐकून ए चं सी केलं, म्हणजे तीन सेमीटोन (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या तीन पट्ट्या) वर नेलं, तर सा येतो ई वर, म्हणजे पांढरी तीनवर, आणि सी च्या बाज्यावर पाचव्या छिद्राच्या फुंकीपासून आठव्याच्या फुंकीपर्यंत भैरवीचे सगळे सूर वाकडेतिकडे न करता मिळतात. बाज्याला सा कुठे आहे याच्याशी घेणंदेणं नाही, सात सूर जुळले की झालं. तसंच सी ला सा धरलं तर त्याच्या रे वरून काफी आणि प वरून खमाज निघतो. भैरव मात्र असा निघत नाही. तिथे बटण दाबून बाराही सूर देणारा क्रोमॅटिक बाजाच हवा.

दुसऱ्या जातीचे अ‍ॅप मला जास्त पटले. रात्री मोटर चालू करायला वावरात गेलो आणि लाइन यायची वाट बघत बसलो, तर तिथे रेंज लागत नाही की काही नाही. बोटाने एक सेमीटोन खाली केलं की काळी एकचं गाणं पांढरी एकवर. तीन-चार सेमीटोनांच्या पुढे गेलात तर मात्र गाणारा बाप्या बारक्या पोरासारखा चिरकतो. काळी चारचं गाणं चार सेमीटोन वर चढवण्यापेक्षा, त्यात फक्त नी कोमल असेल तर, एकच खाली उतरवा आणि बाज्याच्या प लाच सा मानून वाजवा.

इथवर मोबाइल पुरला असता. माझं अडलं ते वेगळ्याच जागी.

माझ्याकडची निम्मी गाणी, आणि खंजिरी भजनं तर जवळपास सगळी, कधीतरी कुणीतरी कॅसेटवरून उतरवलेली आहेत. मेमरी कार्डातून मेमरी कार्डात फिरत आलेली. ज्या टेपवर ती उतरवली तिची मोटर कधी धीमी तर कधी जलद. त्यामुळे गाणं ना काळी एकवर, ना पांढरी एकवर, दोन्हींच्या मधोमध. अ‍ॅप जवळच्या पट्टीचं नाव ठोकून देतं आणि एकेक अख्खा सेमीटोन सरकवतं. मधलं गाणं सरकवून पुन्हा मधेच. पेटीवर हे जाणवतं, पण बाज्यावर जीव नकोसा होतो, कारण सूर देणारी धातूची पत्ती तोंडाशीच असते. लांब सूर धरला की गाण्याचा सा आणि तुमचा सा एकमेकांवर घासतात, वँव-वँव अशी थरथर येते, आणि वाटतं आपणच बेसूर आहोत. काही ओढीचे (श्वास आत ओढून वाजणारे) सूर थोडे खाली वाकवता येतात, पण गाणं तुमच्यापेक्षा चढं असेल तर काय करणार? त्यात बरेच बाजे ए हा सूर 440 हर्ट्झ (सेकंदाला 440 कंपनं) ऐवजी किंचित वर, 442 च्या आसपास धरून लावलेले असतात, कारण जोरात फुंकलं की सूर उतरतो.

काही अ‍ॅपमध्ये सेंटची, म्हणजे सेमीटोनच्या शंभराव्या भागाची, सोय असते, ते मान्य. पण किती सेंट? दोन्ही हात बाज्यावर असताना अंदाजाने स्क्रीनवरची सरकपट्टी घासत बसणं मला जमलं नाही. तुमचा कान तयार असेल तर जमेलही.

ऑडॅसिटी फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही माझी तरी तक्रार नाही. ओळ संपताना जिथे सा लांब धरलाय आणि तबला-खंजिरी जरा गप्प आहे, तेवढाच तुकडा निवडा. अ‍ॅनलाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम (कुठला सूर किती हर्ट्झवर आहे ते दाखवणारा आलेख) उघडा, साइझचा आकडा मोठा ठेवा, आणि सा च्या टेकडीवर माउस न्या. समजा आकडा आला 270 हर्ट्झ. काळी एक असते 277 वर आणि पांढरी एक 261.6 वर. म्हणजे गाणं खरंच मधोमध लोंबकळतंय. बाजा 442 चा असेल तर त्याचा सा 262.8 च्या आसपास. 270 वरून तिथे जायला साधारण 2.7 टक्के खाली.

हे दोन तऱ्हेने करता येतं. चेंज पिच घेतलं तर लय तीच राहते, पण आवाजाला थोडा डबक्यातला घुमारा येतो. कॅसेटच्या गाण्याला मी चेंज स्पीडच (नव्या ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरतो. लय आणि सूर दोन्ही सोबत हलतात, आवाज जसाच्या तसा राहतो, आणि गाणं जरा संथ झालं तर शिकणाऱ्याला बरंच. मोठ्या फरकाला हे चालणार नाही. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे एका सेमीटोनहून जास्त, जायचं असेल तर चेंज पिच.

मग एमपीथ्री काढून मेमरी कार्डात टाकायची. नावातच पट्टी लिहितो, ‘सा पांढरी एक’, ‘सा ई, भैरवी’ असं. मग ती साध्या बटणाच्या फोनवरही वाजते, वावरातही वाजते, अ‍ॅप लागत नाही.

एवढ्यासाठी कॉम्प्युटर विकत घेऊ नका. घरात नसेल आणि गाणी नव्या, चांगल्या रेकॉर्डिंगची असतील तर सेंटची सोय असलेलं बिनइंटरनेटचं अ‍ॅप पुष्कळ आहे. पण मेमरी कार्डात जुनी भजनं असतील, तर पोराच्या नाहीतर भाच्याच्या लॅपटॉपवर एक दुपार मागून घ्या आणि लाइन असतानाच बसा. दहा-पंधरा गाणी सहज होतात, बॅटरी गेलेली नसेल तर.